वडिलांच्या नावावरचं घर, आणि त्याची किंमत काढायची कशी

बाबांच्या तेराव्याला पंगत उठत होती आणि आमच्या एका काकांनी हात धुता धुता सहज म्हणून टाकलं, "डोंबिवलीचा फ्लॅट आता पंच्याऐंशी लाखाच्या खाली जात नाही बरं का." झालं. काका ना एजंट ना बिल्डर, शाळेतून रिटायर झालेले, पण आकडा एकदा तोंडातून गेला की परत घेता येत नाही. न्यू जर्सीच्या ताईच्या डोक्यात ८५ बसले. आईसोबत त्याच घरात राहणाऱ्या दादाच्या पोटात गोळा आला, कारण घर ठेवायचं तर आम्हा दोघांना पैसे त्यालाच द्यायचे होते. आणि मी पुण्यात बसून दोघांचे फोन घेत होतो, आठ महिने. ते आठ महिने तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट अगदी साधी आहे, व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत रीतसर काढून देणारा माणूस, येऊन जाईपर्यंत घरातल्या कुणीही आकडा बोलायचा नाही. शेजारी, मामा, सोसायटीचा सेक्रेटरी, कुणीही विचारलं तरी "माणूस बोलावलाय, बघू" एवढंच. सांगायला सोपं वाटतं पण आमच्याकडे हेच जमलं नाही आणि पुढचं सगळं त्यातनंच निघालं.

आता काकांचा आकडा आला कुठून ते सांगतो, कारण निम्म्या महाराष्ट्रात घराची किंमत अशीच काढली जाते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नवा टॉवर झालाय, तिथं कुणीतरी १४,५०० रुपये फुटाने घेतला असं त्यांनी ऐकलेलं, आणि आमच्या १९८८ च्या अ‍ॅग्रीमेंटवर ५८५ फूट लिहिलंय. गुणाकार केला, ८४ लाख ८२ हजार. पण टॉवरचा दर लिफ्ट, पार्किंग, नवं बांधकाम या सगळ्यासकट, आमची बिल्डिंग पस्तीस वर्षांची, लिफ्ट नाही, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. आणि त्या ५८५ चीही गंमत आहे, ती पुढे येते.

व्हॅल्युअरला फोन करायच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: किंमत कशासाठी हवीये, आणि कुठल्या तारखेची? घराला एकच एक किंमत नसते. भावाबहिणीत वाटणी करायची तर आजची बाजारातली किंमत लागते. हक्कसोड किंवा वाटणीपत्र रजिस्टर करायचं तर सरकारी, म्हणजे रेडी रेकनरची किंमत लागते. घर विकून टॅक्स भरायचा आणि घर २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत लागते. भाऊ किंवा बहीण अमेरिकेत असेल तर तिथल्या टॅक्ससाठी वडील गेले त्या तारखेची. कोर्टात प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता घ्यायचा, अर्ज करायचा तर अर्जासोबत मालमत्तेची यादी आणि तिची किंमत, कारण कोर्ट फी त्यावर ठरते. आपल्याकडे वारसा हक्काने घर मिळालं यावर सरकारला वेगळा कर द्यावा लागत नाही, मृत्यूकर म्हणजे इस्टेट ड्युटी होती ती १९८५ मध्येच गेली, त्यामुळे बरेच लोक म्हणतात व्हॅल्युएशन कशाला. मृत्यूच्या तारखेची किंमत काढून तहसीलदाराला द्यायची वगैरे भानगड नाही हे खरं, पण वरचं एकही कारण नाही असं घर मला अजून दिसलेलं नाही.

आमच्या एका फ्लॅटसाठी शेवटी तीन तारखांच्या किमती निघाल्या. २००१ ची, बाबा गेले त्या २०२३ च्या नोव्हेंबरातली, आणि आजची. एकाच माणसाकडून एकाच वेळी तिन्ही काढून घ्या. नंतर एकेक मागायला गेलं की दर वेळी वेगळी फी आणि वेगळं कारण.

वारस आधी मोजा

किंमत किती यापेक्षा भाग किती हा प्रश्न आधी मिटवा. बाबांचं स्वतःच्या कमाईचं घर, मृत्युपत्र नाही, कुटुंब हिंदू, तर १९५६ च्या कायद्याप्रमाणे बायको, मुलगे, मुली आणि बाबांची आई हयात असेल तर तीसुद्धा, सगळ्यांना सारखा हिस्सा. आजी लोक विसरतात. गावाला मोठ्या काकांकडे राहणारी नव्वदीची आजी, तिचाही त्या फ्लॅटमध्ये हिस्सा असतो हे रजिस्ट्रेशनच्या आदल्या दिवशी वकिलाने सांगितल्यावर चेहरे बघण्यासारखे होतात. आमची आजी आधीच गेलेली, म्हणून आई, दादा, ताई, मी, चार सारखे भाग. इतर धर्मांत हिश्शांचं गणित वेगळं, ते वकिलालाच विचारा.

आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आमच्या शेअर सर्टिफिकेटच्या फॉर्मवर नॉमिनी म्हणून दादाचं नाव होतं आणि शेजारच्यांनी त्याला सांगून ठेवलेलं की आता घर तुझंच. महाराष्ट्रात २०१९ च्या सहकारी कायद्यातल्या दुरुस्तीनंतर तर हे स्वच्छ लिहिलंय, नॉमिनीला सोसायटी तात्पुरतं सभासद करून घेते, खरे वारस ठरेपर्यंत, बस तेवढंच. दादाला हे पटायला वेळ लागला, पण त्यात त्याची चूक नाही, बाबांनीच त्याला तसं सांगितलेलं असणार.

कागद

आमचे सगळे कागद आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली, बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात निघाले. वर बाबांच्या अक्षरात "घर – फेकू नये". व्हॅल्युअरला लागतं ते असं: मूळ अ‍ॅग्रीमेंट आणि त्याची रजिस्ट्रेशनची पावती, इंडेक्स टू म्हणजे रजिस्टर झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा, शेअर सर्टिफिकेट, शेवटची घरपट्टीची पावती, लाइट बिल, सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती, बिल्डिंगचा मंजूर नकाशा मिळाला तर, भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी असेल तर, आणि मृत्यूचा दाखला. बंगला किंवा वाडा असेल तर प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, आणि ड्रोनने मोजणी झालेल्या गावांत स्वामित्व योजनेची सनद. नसेल एखादा कागद तर अडून बसू नका, व्हॅल्युअर रिपोर्टमध्ये "दाखवला नाही" असं लिहितो. पण ओसी नाही आणि जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरकडून मालकीचं हस्तांतरण, सोसायटीच्या नावावर झालेलं नाही ही दोन वाक्यं रिपोर्टमध्ये आली की किमतीवर परिणाम होतो हे माहीत असू द्या. आमच्याकडे कन्व्हेयन्स नव्हतं. तीस-पस्तीस वर्षं कुणाला त्याची गरजच वाटली नव्हती.

माणूस कुठला बोलवायचा

एजंटने लेटरहेडवर लिहून दिलेली किंमत म्हणजे व्हॅल्युएशन नव्हे. तो आकडा घरात चर्चेला ठीक, पण रजिस्ट्रार, इन्कम टॅक्स, कोर्ट, कुणाकडेच त्याला वजन नाही. तुम्हाला हवा सरकारमान्य व्हॅल्युअर, ज्याची इन्कम टॅक्स खात्याकडे नोंदणी आहे; वर्षानुवर्षं ती संपत्ती कर कायद्याच्या कलम ३४एबी खाली होत आली. संपत्ती कर २०१५ च्या बजेटमध्ये गेला, पण त्या कायद्याखालची व्हॅल्युअरची नोंदणी वापरात राहिली, आपल्याकडचा कारभार असाच. नोंदणी जमीन-इमारत या प्रकारातली आहे ना ते बघा, कारण दागिन्यांचे आणि मशिनरीचे व्हॅल्युअर वेगळे असतात. शक्यतो त्याच शहरात काम करणारा घ्या, डोंबिवलीच्या फ्लॅटला दादरहून आलेला माणूस दर बघेल, पण पूर्व आणि पश्चिम यातला फरक त्याला अंगात मुरलेला नसतो.

आम्ही पहिल्यांदा ज्याला फोन केला त्याचं पहिलंच वाक्य होतं, "साहेब, किती दाखवायचंय तेवढं सांगा." तेही घर न बघता. मी फोन ठेवला. दादा म्हणाला अरे स्वस्तात करून देत होता. पण ज्या रिपोर्टमधला आकडा फोनवर ठरतो तो रिपोर्ट दुसऱ्या भावाने त्याच्या माणसाला दाखवला की पाच मिनिटांत फाटतो, आणि मग व्हॅल्युअर राहतो बाजूला आणि भावावरचा विश्वास जातो.

फी आधी लिहून घ्या, आणि घराच्या किमतीच्या टक्क्यांवर ठरवण्यापेक्षा ठोक ठरवली तर बरं. टक्क्यावर असली की कुणाच्या तरी मनात येतंच की याने मुद्दाम फुगवली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे व्हॅल्युअरला एका वारसाने नाही तर सगळ्यांनी मिळून नेमायचं, फी सगळ्यांच्या खिशातून. दादाने एकट्याने आणलेला रिपोर्ट ताईने मानला नसता, आणि ताईने मागवलेला दादाने नाही. आम्ही एक साधं पत्र केलं, चौघांच्या सह्या, ताईची सही स्कॅन करून आली. मजकूर साधारण असा:

"आम्ही खाली सह्या करणारे कै. … यांचे वारस असून त्यांच्या नावावरील सदनिका क्र. … हिचे मूल्यांकन आपण करून द्यावे अशी विनंती आहे. मूल्यांकन तीन तारखांचे हवे आहे: १ एप्रिल २००१, मृत्यूची तारीख, आणि पाहणीची तारीख. सदनिका आहे त्या स्थितीत, रिकामी धरून, आतील सामान वगळून किंमत काढावी. क्षेत्रफळ प्रत्यक्ष मोजून लिहावे. दर कोणत्या व्यवहारांवरून घेतला ते रिपोर्टमध्ये नमूद करावे. रिपोर्टच्या प्रती चौघांनाही एकाच वेळी पाठवाव्यात."

यातले "रिकामी धरून" हे दोन शब्द विसरू नका. दादा आणि आई तिथे राहतात म्हणून किंमत कमी धरायची का यावर नंतर वाद होऊ शकतो, तो आधीच मिटतो. आणि प्रती एकाच वेळी, नाहीतर पहिल्यांदा ज्याच्या हातात रिपोर्ट येतो त्याच्यावर बाकीच्यांचा संशय.

तो आला तेव्हा

व्हॅल्युअर सकाळी साडेदहाला आला, चप्पल बाहेर काढली, चहा नको म्हणाला, मग घेतला. हातात लेझरचं छोटं यंत्र, एका भिंतीला टेकवायचं, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका, आकडा वहीत. हॉल, स्वयंपाकघर, बेडरूम, पॅसेज, संडास-बाथरूम. नंतर हॉलमधलं कालनिर्णय खिळ्यासकट हळूच बाजूला केलं आणि मागची ओल बघितली. आईने ते कॅलेंडर तिथं कशाला लावलं होतं ते आम्हाला त्या दिवशी कळलं. बाल्कनी बाबांनी १९९६ मध्ये बंद करून घेतलेली, त्याने परवानगी विचारली, नव्हती, तर ती बाल्कनी म्हणूनच मोजली, खोली म्हणून नाही. गच्चीवर जाऊन वॉटरप्रूफिंग बघितलं, जिन्याच्या बीमला पडलेल्या चिरांचे फोटो काढले, सेक्रेटरीला भेटून कन्व्हेयन्सचं विचारलं. पाऊण तास.

घर सजवून ठेवू नका आणि मुद्दाम पसाराही करू नका. नवे पडदे आणि रंग याने फार फरक पडत नाही, मोजमाप, मजला, वय, गळती, कागद याने पडतो. पाहणीला शक्यतो सगळे वारस किंवा त्यांचा कुणीतरी हजर असू द्या. आम्ही ताईला व्हिडिओ कॉलवर ठेवलं होतं, तिकडे रात्रीचा एक वाजला होता, तरी ती शेवटपर्यंत होती.

आता ते ५८५. त्याने मोजलं तर कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, भरली ४६८ फूट. महाराष्ट्रात जुन्या कार्पेटवरून बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट जागा, काढायला १.२ ने गुणतात, म्हणजे साधारण ५६२. अ‍ॅग्रीमेंटवर ५८५. मधले २३ फूट बिल्डरने १९८८ मध्ये कुठून आणले ते देव जाणे, पण फुटाला ११,००० चा दर धरला तर त्या २३ फुटांचे अडीच लाख होतात. म्हणून अ‍ॅग्रीमेंटवरचा आकडा उचलून गुणाकार करू नका, आणि दर सांगणारा माणूस कार्पेटचा सांगतोय, बिल्टअपचा सांगतोय का जिना-पॅसेजचा वाटाही धरलेल्या सुपर बिल्टअपचा, ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. निम्मी भांडणं या एका शब्दावरून होतात.

आकडा स्वतः तपासायचा कसा

दोन गोष्टी घरबसल्या बघता येतात. एक रेडी रेकनर, म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाचा वार्षिक दरांचा तक्ता, त्यांच्या साइटवर आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर शोधायचा, आणि "निवासी सदनिका" या रकान्यातला दर घ्यायचा, जमिनीचा नाही. दर चौरस मीटरचा असतो, एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, आमचे ५६२ फूट म्हणजे ५२.२ चौरस मीटर. त्यात पुढे बिल्डिंगच्या वयाचा घसारा, लिफ्ट नसेल तर वरच्या मजल्यांना कपात, उंच टॉवरला वाढ असे नियम आहेत, ते व्हॅल्युअरवर सोडा. ही किंमत बाजारभाव असतेच असं नाही, काही भागात ती बाजाराच्या बरीच खाली असते, काही भागात वर.

दुसरी गोष्ट जास्त कामाची आणि फार लोकांना माहीत नाही, ती म्हणजे त्याच साइटवरचं ई-सर्च. आपल्या गावाचं नाव, सर्व्हे नंबर आणि वर्ष टाकलं की त्या जागेवर रजिस्टर झालेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू दिसतात. त्यात दोन ओळी एकाखाली एक असतात, "मोबदला" आणि "बाजारभाव". बाजारभाव म्हणजे सरकारी किंमत, मोबदला म्हणजे खरोखर कागदावर किती दिले. आम्हाला आमच्याच बिल्डिंगमधले गेल्या दोन वर्षांतले दोन व्यवहार मिळाले, एक पहिल्या मजल्यावरचा, एक चौथ्या. काकांच्या १४,५०० च्या जवळपाससुद्धा कुणी नव्हतं. ताईला त्या दोन इंडेक्स टूचे स्क्रीनशॉट पाठवले आणि ८५ लाख त्या दिवशी संपले, मी आठ महिने घसा कोरडा करून जे झालं नव्हतं ते.

व्हॅल्युअरचा रिपोर्ट आला त्यात ११,००० चा दर, ६१ लाख ८२ हजार. आम्ही ६२ लाख धरले. मृत्यूच्या तारखेचे ५९. रिपोर्टमध्ये खाली अजून दोन आकडे असतात, रिअलायझेबल व्हॅल्यू आणि डिस्ट्रेस व्हॅल्यू, म्हणजे लवकर विकलं तर किती आणि अडचणीत विकावं लागलं तर किती. ते मुख्यतः बँकांसाठी. घरातला एखादा जण नेमका तोच सगळ्यात खालचा आकडा दाखवून "हे बघ, व्हॅल्युअरच म्हणतोय" म्हणू शकतो. वाटणीसाठी फेअर मार्केट व्हॅल्यू, म्हणजे बाजारातली किंमत, घ्यायची. दादाने नंतर कर्जासाठी अर्ज केला तेव्हा बँकेच्या पॅनलवरच्या माणसाने ५७ लाख लावले, त्यावरूनही दोन दिवस कुजबुज झाली, पण बँक नेहमी हात राखूनच किंमत लावते, तिला वसुलीची काळजी.

रिपोर्ट पटला नाही तर दुसरा व्हॅल्युअर बोलवायचा हक्क सगळ्यांना आहे, फक्त दोन रिपोर्ट आल्यावर काय करायचं ते पहिला यायच्या आधी ठरवा. आम्ही ठरवलेलं की फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर सरासरी, जास्त असेल तर दोघांना एकत्र बसवायचं. वेळ आली नाही.

रिडेव्हलपमेंटचं काय, हा प्रश्न जुन्या बिल्डिंगमध्ये येणारच. "आत्ता ६२ ला देतोय आणि पाच वर्षांनी त्याला नवीन फ्लॅट मिळणार." व्हॅल्युअरचं म्हणणं, करार झाला नाही तोवर ती फक्त आशा आहे, आशेला दर लावता येत नाही, आणि कन्व्हेयन्स नसताना तर नाहीच. मला ते अर्धंच पटलं. वकिलाला सांगून आम्ही करारात एक कलम घातलं की अमुक वर्षांच्या आत रिडेव्हलपमेंट झाली तर वाढीव जागेचा हिशोब पुन्हा करायचा. दादा आधी रागावला, मग त्यानेच वर्षं सुचवली.

घराची किंमत आणि घरातले हिशोब वेगळे ठेवा. दादाने बाबांच्या आजारपणात केलेला खर्च, भरलेलं मेंटेनन्स, बदललेले नळ, हे सगळं खरं असतं पण ते किमतीतून परस्पर वजा करायचं नाही, वेगळ्या कागदावर मांडायचं. राहिलेली घरपट्टी, सोसायटीची थकबाकी, कर्ज असेल तर तेही तिथेच.

टॅक्सचं थोडं

घर विकायचं असेल तर टॅक्ससाठी खरेदी किंमत धरतात ती वडिलांनी दिलेली. घर १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल तर त्या दिवशीची किंमत धरता येते, फक्त ती त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याच्या, म्हणजे रेडी रेकनरने येणाऱ्या किमतीच्या, वर जाता कामा नये, हे २०२० च्या बजेटपासून. २००१ नंतर घेतलेलं असेल तर या रिपोर्टवर पैसे घालवू नका.

आता समजा फ्लॅट ६२ लाखांना विकला, बाबांनी घेतलेला १ लाख ४० हजारांना, आणि २००१ ची किंमत निघाली ६ लाख. २३ जुलै २०२४ पासूनच्या नियमाने साडेबारा टक्के, इंडेक्सेशन, म्हणजे महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून धरणं, नाही. रिपोर्ट नसेल तर ६० लाख ६० हजारांवर ७ लाख ५७ हजार ५०० टॅक्स, रिपोर्ट असेल तर ५६ लाखांवर ७ लाख. साडेसत्तावन्न हजार वाचले, सेस वेगळा. भारतात राहणाऱ्याला त्या तारखेआधीच्या घरासाठी जुना रस्ताही आहे, इंडेक्सेशन लावून २० टक्के. २०२५-२६ चा निर्देशांक ३७६, म्हणजे ६ लाखांचे २२ लाख ५६ हजार होतात आणि टॅक्स येतो ७ लाख ८८ हजार ८००, जास्तच. मी वहीवर मांडून बघितलं, २००१ ची किंमत विक्रीच्या किमतीच्या साधारण बारा टक्क्यांच्या वर असेल तरच त्या वर्षी जुना रस्ता परवडतो. वडील २३ जुलै २०२४ नंतर गेले असतील तर हा रस्ता तुम्हाला लागू आहे का ते सीएला मुद्दाम विचारा. आणि मुद्रांक मूल्य विक्रीच्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वर असेल तर टॅक्स मुद्रांक मूल्यावर लागतो, म्हणून आपसात ठरवतानाही रेडी रेकनरचा आकडा समोर ठेवा.

परदेशातल्या भावंडाचं वेगळं आहे. तो २० टक्क्यांचा पर्याय त्यांना नाही. त्यांना पैसे देणाऱ्याने टीडीएस, म्हणजे देतानाच टॅक्स, कापायचा असतो, मग देणारा सख्खा भाऊ का असेना, आणि तो नुसता एक टक्का नसतो, म्हणून कमी टीडीएसचं प्रमाणपत्र आधी काढा, त्याच्या अर्जाला व्हॅल्युएशन उपयोगी पडतं. अमेरिकेत मात्र वारशाच्या घराची खरेदी किंमत म्हणजे वडील गेले त्या दिवशीची किंमत, म्हणून ताईला तो ५९ लाखांचा रिपोर्ट हवा होता. तिचा चौथा हिस्सा तेव्हा १४ लाख ७५ हजार, मिळाले साडेपंधरा, तिकडचा नफा फक्त ७५ हजारांचा. मृत्यूनंतर दहा वर्षांनी ही किंमत काढायला गेलं तर तेव्हाचे व्यवहार शोधत बसावं लागतं, लगेच काढली तर त्याच फेरीत होते. परदेशातून वर्षात एक लाख डॉलरच्या वर वारसा मिळाला तर तिकडे ३५२० नावाचा फॉर्म भरावा लागतो, ताईला गरज पडली नाही, पण मुंबईतला मोठा फ्लॅट असेल तर सहज पडते.

आकडा ठरल्यावर

जवळच्या नात्यात एकही पैसा न घेता हक्क सोडला तर हक्कसोडपत्राचं मुद्रांक शुल्क शेकड्यांत असतं. पैसे घेऊन सोडला तर सोडलेल्या हिश्शाच्या बाजारमूल्यावर खरेदीखतासारखं शुल्क लागतं. मग बरेच जण कागदावर "बिनमोबदला" लिहितात आणि मागून बँकेत पैसे टाकतात. आम्हालाही हा सल्ला मिळाला, आमच्याच सोसायटीत. करू नका. ताईच्या खात्यात आलेले साडेपंधरा लाख कशाचे हे तिला दोन देशांच्या टॅक्सवाल्यांना सांगायचं होतं, आणि कागद म्हणत असता तिने फुकट सोडलं. दादाने शुल्क भरलं, कुरकुरत भरलं. हक्कसोड रजिस्टर करावंच लागतं, नोटरीचा कागद पुरत नाही. ताई डिसेंबरात आली तेव्हा सही केली. ती येऊ शकली नसती तर तिकडच्या वकिलातीत मुखत्यारपत्र करून पाठवावं लागलं असतं, आणि ते इथं पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा असतो.

आईने तिचा चौथा हिस्सा सोडला नाही. सोडू दिला नाही मी, खरं तर. सगळे म्हणत होते तिला कशाला हवंय आता. तिचं नाव त्या घराच्या कागदावर आहे आणि राहील.

जमलंच नाही आणि प्रकरण कोर्टात गेलं तरी शेवटी कुणीतरी किंमत काढतोच, फक्त तो माणूस तुमच्या पसंतीचा नसतो. १८९३ चा वाटप कायदा अजून चालतो, घराचे तुकडे करता येत नाहीत म्हणून निम्मा किंवा जास्त हिस्सा असणाऱ्यांनी विक्री मागितली तर दुसऱ्याला कोर्टाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा घेता येतो. गोव्यात तर प्रकारच निराळा, तिथं इन्व्हेंटरीच्या कामात मालमत्तेची यादी आणि किमती मांडतात आणि वारस आपसात बोली लावतात, ज्याची बोली वर त्याला घर, बाकीच्यांना पैसे. मुंबईतली पगडीची खोली असेल तर हे वरचं बरंचसं लागू नाही, ती मालकी नाही भाडेकरूचा हक्क आहे, वडिलांसोबत तिथे कोण राहत होतं इथून प्रश्न सुरू होतो, त्यासाठी भाडे कायद्याचं काम करणारा वकील आधी गाठा, व्हॅल्युअर नंतर.

रिपोर्टच्या मूळ प्रती चार करून घ्या, प्रत्येक पानावर व्हॅल्युअरचा शिक्का आणि सही बघून, आणि फोटोंची पानं रंगीत. आमची एक प्रत त्याच बिस्किटांच्या डब्यात आहे, बाबांच्या चिठ्ठीखाली.